पाट

"घरी आलेल्याला हात नाही दिला?"

आई टीव्हीकडे बघत म्हणाली. 5 मे 2023, शुक्रवार. मडगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये वारा पूर्ण पडला होता. आई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मानकुराद कापत होती. खोलीत आंब्याचा इतका घमघमाट होता की बातम्याही त्या वासातूनच कानावर येत होत्या. आमच्यापासून सहा-सात किलोमीटरवर, बाणावलीच्या एका हॉटेलात, शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्रमंत्री जमले होते. आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर उभे, समोरून पाकिस्तानचे बिलावल भुट्टो झरदारी आले, दोघांनी अंतर राखून हात जोडले आणि बिलावल पुढे गेले. नमस्कार सगळ्याच पाहुण्यांना होता, रशियाच्या लावरोव यांना आणि चीनच्या छिन कांग यांनाही. पण वाहिन्यांनी तो एकच नमस्कार दिवसभर फिरवला आणि आईला तेवढाच दिसला. मी तिला समजावू लागले. 2011 नंतर पहिल्यांदाच तिथला परराष्ट्रमंत्री आपल्याकडे येतो आहे, पंधरा दिवसांपूर्वी पूंछमध्ये आपले पाच जवान गेले आहेत, आणि आजच राजौरीहूनही तशीच बातमी येते आहे. अशा दिवशी हसून हात मिळवणार कसा? आईने ऐकून घेतले. कोय वाटीत टाकली, बोटे फडक्याला पुसली.

"हात नाही दिला ते असू दे. पाट मांडला होता ना त्याला?"

मी म्हटले, मांडला होता. सगळ्यांसारखीच खुर्ची, सगळ्यांसारखाच झेंडा, नावाची पाटीही तेवढीच.

"मग झालं तर," ती म्हणाली आणि पुढचा आंबा उचलला.

मी उच्च माध्यमिकला राज्यशास्त्र शिकवते. मतैक्य, नकाराधिकार, प्रादेशिक संघटना हे शब्द मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिले आहेत की खडूला पाठ झाले असतील. तरी आईचे ते "मग झालं तर" माझ्या मागे लागले. मला राग होता, राजौरीचा होता, आणि तो आजही आहे. पाट मांडण्याने काय होते, हा माझा प्रश्न होता. आईला तो प्रश्नच पडला नव्हता, कारण त्याचे उत्तर तिने लहानपणी पाण्यात उभे राहून पाहिले होते.

तिचे माहेर फोंडा महालात, मडकईच्या बाजूला, खाडीकाठी. तिथली शेती खाजणाची. म्हणजे नदीच्या भरतीचे खारे पाणी मातीच्या बांधाने बाहेर ठेवायचे, मानशीची दारे ओहोटीला उघडायची, भरतीला मिटायची, आणि समुद्रपातळीच्या जमिनीत भात पिकवायचे. बांध पडला की गाव पडला. बांधाची डागडुजी दरवर्षी पावसाआधी, आणि तिचा निर्णय गावकरांच्या बैठकीत. आजोबा गावकर होते. ते सांगायचे, बैठकीत हात वर करून मोजणी कधीच नव्हती. सगळ्यांचे एक व्हायचे आणि मगच काम सुरू व्हायचे. एकाने जरी "नाका", म्हणजे "नको", म्हटले की विषय तिथेच थांबला. फारच अडले तर देवाला कौल लावायचे. 'नाका' हा शब्द आजोबा उच्चारायचे तेव्हा त्यांची हनुवटी वर जायची. त्या दोन अक्षरांत एका घराची सगळी अब्रू होती. आपल्याला विचारल्याशिवाय गावात काही होऊ शकत नाही, हे सांगायचा तेवढाच मार्ग.

आई नऊ वर्षांची असताना पालखीच्या मानावरून गावातली दोन मोठी घरे भांडली. शिमगा संपला, भांडण राहिले. मे महिन्यात बांधाचा विषय निघाला तेव्हा एका घराने "नाका" म्हटले. बांधाशी त्यांचे काहीच वाकडे नव्हते. दुसऱ्या घराने ठराव मांडला होता, एवढेच. पुढच्या बैठकीला दुसरे घर आलेच नाही. जुलैच्या उधाणाला बांध फुटला. आई सांगते, सकाळी उठलो तर शेताच्या जागी नदी, आणि लावणीच्या रोपांची फक्त टोके वर, तीही दोन दिवसांत पिवळी. कुजलेल्या भाताचा वास घरात, अंथरुणात, पेजेतसुद्धा येई. मोठ्या दोन्ही घरांची कोठारे गेल्या वर्षीच्या भाताने भरलेली होती, त्यांचे काही अडले नाही. अडले ते कुळांचे. बैठकीच्या चटईवर ज्यांना बसायचाही हक्क नव्हता, जे अंगणात उभे राहून निकाल ऐकत, त्यांनी ते वर्ष उसन्या भातावर काढले. खारावलेल्या जमिनीने पुढची दोन पिकेही धड दिली नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात आजोबांनी दोन्ही घरांना एकाच चटईवर आणून बसवले. ते एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. आजोबांना उद्देशून दोघे बोलत आणि आजोबा तेच वाक्य दुसऱ्याकडे वळवत. पण बांध झाला. त्या दोन घरांत सोयरीक व्हायला पुढे तीस वर्षे लागली. बांध मात्र त्या वर्षीच झाला.

आईच्या मनात बाणावलीचे ते हॉटेल म्हणजे ती चटई होती.

गोव्याला अशा चटया नवीन नाहीत. पर्वरीकडून कळंगुटला जाताना लागतो तो चोगम रोड. रिक्षावाले, पर्यटक, पाव विकणारे पोदेर, सगळे "चोगम" म्हणतात. मी वर्गात विचारते तेव्हा चाळीसपैकी एखाद्याला त्याचा अर्थ ठाऊक असतो. नोव्हेंबर 1983 मध्ये राष्ट्रकुल प्रमुखांची बैठक दिल्लीला झाली आणि मधल्या विश्रांतीचे दिवस ही मंडळी आग्वादला येऊन राहिली. त्या बैठकीची इंग्रजी आद्याक्षरे रस्त्याला जी चिकटली ती कायमची. बाबा तेव्हा म्हापशाला नोकरीला होते. मला खांद्यावर घेऊन ते गाड्यांचा ताफा दाखवायला गेले होते. मी नऊ वर्षांची, तशी खांद्यावर बसायच्या वयाची नव्हते, पण गर्दीच तेवढी होती. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारले होते, त्या ओल्या तांबड्या मातीचा वास आठवतो. बंद काचांच्या गाड्या सरकन गेल्या. एका काचेआड हात हलला. तो कोणाचा ते शेवटपर्यंत कळले नाही. मी कित्येक वर्षे तो ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंचा मानून घेतला होता.

त्या गाड्यांत काय भांडण बसले होते ते मला फार पुढे, एम.ए. करताना कळले. महिनाभरापूर्वी, 25 ऑक्टोबरला, अमेरिकेने ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर फौजा उतरवल्या होत्या. ग्रेनाडा राष्ट्रकुलाचा सदस्य. तिथे क्रांतिकारी सरकारातच फूट पडून पंतप्रधानाचा खून झाला होता. अमेरिकेने पुढे केलेले कारण मला तेव्हा फार वेगळे वाटले. पूर्व कॅरिबियन देशांची जी छोटी प्रादेशिक संघटना 1981 मध्ये झाली होती तिनेच आम्हाला बोलावले, असे अमेरिका म्हणत होती. जमैका आणि बार्बाडोस त्या फौजांबरोबर गेले, त्रिनिदाद आणि गयाना विरोधात उभे राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत 11 देशांनी निषेधाचा ठराव उचलून धरला, अमेरिकेने एकटीने नकाराधिकार वापरून "नाका" म्हटले आणि ठराव पडला. दिल्ली-गोव्यात हे सगळे शेजारी एका टेबलाशी आले ते अशा मनःस्थितीत. एकमेकांची उणीदुणी तिथे फार काढली नाहीत. छोट्या देशांच्या सुरक्षेचा अभ्यास व्हावा एवढे ठरले. संघटना शेजाऱ्यांनी एकमेकांसाठी बांधलेली असते, आणि तिच्याच दारातून मोठा माणूस आत येतो. कधी तो बोलावलेला असतो, कधी बोलावल्याचा कागद नंतर तयार होतो.

ग्रेनाडाच्या झेंड्यावर जायफळ आहे. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला डिचोलीकडच्या आमच्या मूळ घरामागचे कुळागर आठवले. पोफळींच्या सावलीत जायफळाची दोन झाडे, पिवळे फळ तडकले की आत लालभडक जायपत्रीची जाळी. 1974 साली स्वतंत्र झालेला, माझ्याच वयाचा देश. माणसे लाखाच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या गोव्याचा दहावा हिस्सा. त्या चित्रानंतर ग्रेनाडा मला धड्यातले उदाहरण म्हणून शिकवता येत नाही. आवाज जड होतो.

आणि मग माझाच प्रश्न माझ्याकडे परत येतो, कारण आम्ही गोव्याची माणसे एका "नाका"ची फळे खातो आहोत. 18 डिसेंबर 1961, भारतीय फौजा पोर्तुगीजांच्या गोव्यात शिरल्या तो दिवस. आई तेरा वर्षांची. बाणस्तारीचा पूल पोर्तुगीजांनी उडवला त्याची बातमी गावात माणसांच्या आधी पोचली, अशी ती सांगते, कारण कुत्री भुंकायची थांबली. त्याच दिवशी तिकडे न्यूयॉर्कला सुरक्षा परिषद बसली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा ठराव होता: युद्धबंदी करा, भारताने फौजा मागे घ्याव्यात. 7 मते बाजूने, 4 विरुद्ध. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक हे तीन लहान देश आपल्या बाजूने उभे राहिले, पण ठराव पडला तो चौथ्या मतामुळे. ते सोव्हिएत संघाचे होते, नकाराधिकाराचे. पोर्तुगाल नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी कराराचा संस्थापक सदस्य. त्याला वाटत होते नाटो धावून येईल. पण त्या कराराची हद्द युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकपुरती लिहिलेली, गोवा तिच्यात बसत नव्हता. अमेरिकेला अझोर्स बेटांवरचा विमानतळ हवा होता म्हणून ती पोर्तुगालला धरून होती. रशियाला नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत मित्र हवे होते. माझ्या आईच्या शाळेची भाषा, माझ्या नावापुढचा देश, हे सगळे त्या ओढाताणीतून वाचून आमच्या हाती लागले. मी त्या मताची ऋणी आहे, मनापासून. आणि पाचच वर्षांपूर्वी, 1956 मध्ये, हंगेरीवरचा ठराव त्याच देशाने त्याच अधिकाराने पाडला होता, हेही मी त्याच तासाला मुलांना शिकवते. बुडापेस्टच्या माझ्या वयाच्या एखाद्या शिक्षिकेला त्या शब्दाबद्दल काय वाटत असेल, हे मला आतून समजते. पण समजून त्याचे करायचे काय, ते कळत नाही.

शांघाय संघटनेत हा शब्द सगळ्यांनाच दिलेला आहे. मतदान नाही, मतैक्य. तिची सुरुवातही बांधावरूनच झाली. सोव्हिएत संघ मोडल्यावर चीनची हजारो किलोमीटरची सरहद्द एकाच्या जागी चार शेजाऱ्यांशी लागली. 1996 मध्ये ते पाच जण शांघायला बसले ते सीमेवरच्या फौजांचा धाक कमी करायला. 2001 मध्ये उझबेकिस्तान आला आणि संघटना झाली. रशियाला मध्य आशिया आपले परसदार वाटते आणि चीनकडे पैसा आहे. म्हणून चीनने सुचवलेली विकास बँक रशियाच्या नाखुशीने कैक वर्षे अडून राहिली, अगदी 2025 पर्यंत. 2017 मध्ये भारत आणि पाकिस्तान एकाच दिवशी आत आले. भारतासाठी रशियाने जोर लावला आणि पाकिस्तानसाठी चीनने, असे तेव्हाच बोलले जात होते. कामकाजाच्या अधिकृत भाषा दोनच, रशियन आणि चिनी. बाणावलीत भारताने इंग्रजीही घ्या म्हणून आग्रह धरला. आपण तिथे नंतर आलेले, दुसऱ्याने विणलेल्या चटईवर बसलेले. गलवानमध्ये आपले 20 जवान पडले त्याला तीन वर्षेही झाली नव्हती आणि छिन कांग बाणावलीत आपल्या शेजारी बसले. दोन महिन्यांनी शिखर बैठकीत चीनच्या पट्टा-आणि-मार्ग प्रकल्पाला बाकी सगळ्यांनी पाठिंबा लिहिला, त्या परिच्छेदात भारताचे नाव नाही. हा आपला नाका. तो म्हणायला आपण तिथे होतो, हे मला फार मोलाचे वाटते.

पण एका जागी मी अडते. दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास सार्कचा, म्हणजे दक्षिण आशियातल्या शेजाऱ्यांच्या संघटनेचा, धडा येतो. स्थापना 8 डिसेंबर 1985, ढाका. सचिवालय काठमांडू. सदस्य आठ. मुले लिहून घेतात. धडा वर्तमानकाळात आहे: सार्क परिषद भरते, नेते भेटतात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "टीचर, शेवटची कधी भरली?" मी म्हटले, नोव्हेंबर 2014, काठमांडू. ती वहीत बघत म्हणाली, "म्हणजे मी तेव्हा बालवाडीत होते." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिने फक्त हिशेब केला होता.

2016 ची परिषद इस्लामाबादला ठरली होती. सप्टेंबरात उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला. आपण नाही म्हटले, आणि बांगलादेश, भूतान, अफगाणिस्तान आपल्याबरोबर आले. त्यानंतर महिन्याभरातच, ऑक्टोबरात, बाणावलीला ब्रिक्सची परिषद भरली तेव्हा शेजारी म्हणून बोलावणे गेले ते बिमस्टेकच्या, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या गटाच्या, देशांना. नेपाळ, भूतान, श्रीलंका, बांगलादेश सगळे आमच्या किनाऱ्यावर आले, पाकिस्तानचा पाट तेवढा मांडला नव्हता. उरीचा घाव ताजा होता, त्या निर्णयाला मी तेव्हा चूक म्हटले नाही, आजही म्हणत नाही. मात्र शांघायच्या चटईवर मी स्वतःला लहान घर समजते आणि चीनकडे डोळे लावून बसते. सार्कमध्ये मोठे घर आपले आहे. तिथे काठमांडू, थिम्फू, माले आपल्या तोंडाकडे बघत बसतात. सार्कच्या सनदेतच लिहिले आहे की दोन देशांमधला वाद तिथे काढायचा नाही. 2014 मध्ये एकमेकांची वाहने सरहद्दीपार जाऊ देण्याचा करार पाकिस्तानने अडवला होता, तोही एक नाकाच. पालखीवरून भांडलेल्या त्या दोन घरांची गोष्ट मी ज्या ज्या वेळी आईकडून ऐकते, त्या त्या वेळी अंगणात उभ्या असलेल्या कुळांच्या जागी मला नेपाळ दिसतो. भूकंप आला, पूर आला, हिमनदीचे सरोवर फुटले तर आठ जणांनी बसायची जागा धुळीने भरली आहे. मार्च 2020 मध्ये करोनासाठी एकदा सगळे पडद्यावर एकत्र दिसले, तेव्हा मी घरात एकटीच टाळी वाजवली होती.

ऑक्टोबर 2024 मध्ये जयशंकर शांघाय संघटनेच्याच बैठकीला इस्लामाबादला गेले. तिथल्या पंतप्रधानांनी दारात उभे राहून हात मिळवला. मी आईला मुद्दाम हाक मारून ते दाखवले. ती चष्मा शोधेपर्यंत दृश्य गेले होते. मग 2025 चा एप्रिल आला, पहलगामचे 26 जीव, आणि त्यानंतर मे महिन्यातल्या त्या रात्री. जूनमध्ये छिंगदाओला आपल्या संरक्षणमंत्र्यांनी संयुक्त निवेदनावर सही करायचे नाकारले, कारण त्यात पहलगामचा शब्द नव्हता. दोन महिन्यांनी थिएनजिनच्या जाहीरनाम्यात तो शब्द आला. पाकिस्तान त्याच सभागृहात बसलेला असताना आला. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. त्या 26 घरांना त्याने काही परत मिळत नाही, आणि तरी मी तो तीनदा वाचला.

थिएनजिनची ती बैठक सुरू झाली तो दिवस 31 ऑगस्टचा, रविवार, आमच्या पाच दिवसांच्या गणपतीचा शेवटचा दिवस. चवथीला डिचोलीच्या मूळ घरी सगळे भाऊबंद येतात, मुंबईहून, बेळगावहून, कुवेतहूनसुद्धा. कुळागराच्या वाटेवरून माझ्या चुलतभावाचा आणि आमचा दावा अकरा वर्षे चालू आहे. वकील दोघांचे वेगळे, तारखा एकच. आम्ही बोलत नाही. पण गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना शिडी त्याने धरली होती आणि नारळाची पेंड मी हातात दिली होती. दुपारी आरती झाली. ओसरीवर कोणाच्या तरी मोबाईलवर मोदी आणि शी यांच्या भेटीची चित्रे चालली होती, आतून खतखत्याचा वास, तिरफळांचा, ओसरीपर्यंत आला होता. आई सत्त्याहत्तर वर्षांची. तिला आता वाकवत नाही, म्हणून ती खांबाला टेकून नुसती बोटाने पाट मोजत होती.

"सोळाच झाले. एक कमी आहे गो बाय."

मी माळ्यावरून जुना पाट काढला. एका कोपऱ्याचा खिळा वर आला होता, तो वरवंट्याने ठोकून बसवला, पाट पुसला. जागा एकच उरली होती, माझ्या शेजारची. तिथे मांडला. चुलतभाऊ विहिरीवर पाय धुऊन आला, त्याच्या ओल्या पावलांचे ठसे शेणाने सारवलेल्या जमिनीवर माझ्या पाटापर्यंत उमटत आले. तो बसला. आईने आधी त्याच्या पानावर मीठ वाढले, मग माझ्या.